दाझाइफूला जाताय? मग सोमवार सोडून जा

काका-काकू पुण्याहून आले तेव्हा मी त्यांना मोठ्या ऐटीत जपानमधलं क्युशू राष्ट्रीय संग्रहालय दाखवायला नेलं. फुकुओकाहून गाडी बदलत दाझाइफू गाठलं, देवळात हात जोडले, टेकडीवर जाणाऱ्या सरकत्या जिन्यापाशी आलो, तर दार बंद. सोमवार होता. काका शांतपणे म्हणाले, "अरे, अजिंठासुद्धा सोमवारी बंद असतं. तुला एवढं कळू नये?"

तेव्हापासून इकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच सांगतो. सोमवारी बंद. सोमवारी सरकारी सुट्टी आली तर त्या दिवशी उघडं आणि मंगळवारी बंद. एरवी सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी पाच, आणि साडेचारनंतर आत सोडत नाहीत. वर्षअखेरीलाही काही दिवस टाळं असतं. आदल्या रात्री त्यांच्या संकेतस्थळावर तारीख बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

आता मुळापासून सांगतो.

हे संग्रहालय कसलं आहे

टोकियो (१८७२), नारा (१८९५) आणि क्योतो (१८९७) या तीन जुन्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या पंगतीतलं हे चौथं पान. तिसऱ्यानंतर चौथं वाढायला १०८ वर्षं लागली. क्युशूत, म्हणजे जपानच्या नैऋत्येकडच्या या बेटावर, असं संग्रहालय हवं हे ओकाकुरा तेनशिन या कलाविचारवंतानं १८९९ सालीच मांडलं होतं. प्रत्यक्षात दार उघडलं ते २००५च्या ऑक्टोबरमध्ये. जागा शेजारच्या दाझाइफू तेनमानगू देवळानं दिली, इमारत इथून जवळच्या कुरुमे गावात जन्मलेल्या किकुताके कियोनोरी या वास्तुरचनाकारानं बांधली.

आधीची तिन्ही संग्रहालयं मुख्यतः कलेची. तिथं तुम्ही 'जपानी सौंदर्य' बघायला जाता. इथं तो हिशोब नाही. जपानी संस्कृती घडली कशी, आणि त्यात आशियाचा वाटा किती, हा या घराचा विषय. म्हणजे चित्र, मूर्ती, नाणं, फुटकं मडकं, काहीही समोर आलं तरी ते किती सुंदर आहे याच्याआधी ते कुठून आलं आणि कुठल्या वाटेनं आलं, हे विचारायचं. हा एक प्रश्न खिशात ठेवून गेलात तर चार तास कमी पडतील. नाही ठेवलात तर पाऊण तासात पाय दुखायला लागतील आणि सगळी मडकी सारखी दिसतील. माझं पहिल्या खेपेला अगदी तेच झालं होतं.

हा प्रश्न क्युशूतच का विचारायचा, ते नकाशा उघडला की कळतं. फुकुओकाहून कोरियातलं बुसान सुमारे २०० किलोमीटर. टोकियो जवळपास ९००, आणि चीनमधलं शांघायही साधारण तेवढंच. म्हणजे राजधानी जितकी लांब तितकाच परदेश, आणि एक परदेश तर त्याहून कितीतरी जवळ. भाताची शेती कोरियाकडून आली ती आधी याच किनाऱ्यावर. पुढे बौद्ध भिक्षू, बंदुका, मिशनरी, साखर, मंगोलांचं आरमार हे सगळं क्युशूच्याच दारातून आत आलं किंवा तिथं अडवलं गेलं.

जाण्याआधी: दहा मिनिटांचा गृहपाठ

आत पाट्यांवर जपानी कालखंडांची नावं येतात आणि ती डोक्यात राहत नाहीत. मी ती आपल्याकडच्या खुंट्यांना टांगतो. नारा काळ (७१० ते ७९४) म्हणजे इकडे वेरूळचं कैलास लेणं कोरलं जात होतं ते शतक. कामाकुरा काळात कुब्लाई खानाचं आरमार फुकुओकाजवळच्या हाकाताच्या खाडीवर दोनदा चालून आलं, १२७४ आणि १२८१ साली. या दोन स्वाऱ्यांच्या मधे, १२७५ला, ज्ञानेश्वर महाराजांचा जन्म. जपाननं पोर्तुगीजांना कायमचं हाकललं ते १६३९, तेव्हा शिवाजी महाराज नऊ वर्षांचे. एवढ्या तीन खुंट्या पुरतात.

दुसरा गृहपाठ जास्त महत्त्वाचा. जपानमध्ये रेशमावरची चित्रं, कागदावरची हस्तलिखितं वर्षभर टांगून ठेवत नाहीत. उजेडानं रंग उडतो, म्हणून फार मोलाच्या वस्तू वर्षात फक्त काही आठवडे बाहेर काढतात आणि पुन्हा कोठारात ठेवतात. त्यामुळे एखाद्या पुस्तकात बघून 'हेच चित्र बघायचं' असं ठरवून आलात तर पदरी निराशा पडायची शक्यता मोठी. उदाहरणार्थ, कमळं न्याहाळत नावेत बसलेल्या चिनी विद्वानाचं कानो मासानोबुचं चित्र या संग्रहालयाच्या मालकीचं आहे, राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदलेलं आहे, पण ते भिंतीवर असेलच असं नाही. सध्या काय मांडलं आहे त्याची यादी संकेतस्थळावर असते. आणि कोठारात असलेल्या वस्तूंसाठी 'कोलबेस' नावाचा राष्ट्रीय संग्रहालयांचा एकत्रित साठा आहे, त्यात मोठी, स्वच्छ छायाचित्रं फुकट बघता येतात. मी तर परत आल्यावर बघतो. जे डोळ्यांनी नीट दिसलं नाही ते तिथं दिसतं.

पोचायचं कसं

इथं गोंधळ दोन आहेत, दोन्ही नावांचे.

पहिला: शहराचं नाव फुकुओका, पण बुलेट ट्रेन जिथं थांबते त्या स्टेशनचं नाव हाकाता. 'फुकुओका स्टेशन' शोधत बसू नका. दुसरा गोंधळ महागात पडतो. दाझाइफूला जाणारी गाडी निशितेत्सु या खासगी कंपनीची, आणि ती बदलायची निशितेत्सु फुत्सुकाइची स्टेशनवर. जेआरचंही (म्हणजे जपान रेल्वेचंही) फुत्सुकाइची नावाचं स्टेशन आहे, ते वेगळं, चालत दहा-पंधरा मिनिटांवर. जेआर पास आहे म्हणून लोक हाकाताहून जेआरनं तिथं उतरतात आणि मग उन्हात बॅगा ओढत दुसरं स्टेशन शोधतात. निशितेत्सुवर जेआर पास चालत नाही, हे मान्य करून टाका आणि सरळ वाट धरा.

सरळ वाट अशी. विमानतळावरून किंवा हाकाताहून भुयारी रेल्वेनं तेनजिनला या. विमानतळापासून तेनजिन फक्त ११ मिनिटं. तेनजिनला वर येऊन निशितेत्सुचं 'फुकुओका (तेनजिन)' स्टेशन गाठा. तिथून जलद गाडी पकडा, जलद म्हणून जादा पैसे नाहीत. निशितेत्सु फुत्सुकाइचीला उतरून दाझाइफू शाखेच्या गाडीत बसा, दुसरं स्टेशन शेवटचं. एकूण अर्धा तास, भाडं चारशे येनच्या थोडं वर. सुइका, इकोका, निमोका, हातात असेल ते कार्ड चालतं.

सामान आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर हाकाता बस टर्मिनलवरून थेट दाझाइफूची बस घ्या, चाळीसेक मिनिटं लागतात, आणि ती विमानतळावरूनच जाते. या बसचं नाव 'ताबितो'. ते ओतोमो नो ताबितो या कवी-अधिकाऱ्याचं. ७३० साली दाझाइफूत त्याच्या घरी प्लमची फुलं बघायची मैफल भरली होती, तिथल्या कवितांच्या प्रस्तावनेतूनच २०१९ साली जपानच्या नव्या राजवटीचं 'रेइवा' हे नाव उचललं. बसच्या पाटीवर इतका इतिहास.

तिकीट खिडकीच्या आधीचं संग्रहालय

स्टेशनमधून बाहेर पडलं की उजवीकडे देवळाचा रस्ता. घाई करू नका, कारण संग्रहालयाची गोष्ट इथूनच सुरू होते.

सातव्या शतकापासून पुढे कैक शतकं दाझाइफू हे क्युशूचं सरकारी ठाणं होतं. परदेशी दूत आला की आधी इथल्या कचेरीची परवानगी, मग राजधानी. ६६३ साली कोरियाच्या किनाऱ्यावर जपानी आरमारानं चीन आणि कोरियातल्या सिल्ला राज्याकडून सपाटून मार खाल्ला. आता शत्रू मागोमाग येणार या भीतीनं पुढच्याच वर्षी मिझुकी नावाचा सव्वा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध घालून खिंड अडवली. तो बांध आजही आहे, झाडं वाढलेला, मधून रेल्वे आणि महामार्ग जातो. गाडीतून येताना तुम्ही तो ओलांडलेला असता, फक्त कळत नाही.

देऊळ आहे सुगावारा नो मिचिझाने याचं. हा मोठा विद्वान आणि मंत्री. दरबारातल्या राजकारणात त्याला ९०१ साली इथं पाठवलं, म्हणजे मानाचं पद देऊन हद्दपार केलं, आणि ९०३ साली तो इथंच वारला. शव घेऊन निघालेला बैल वाटेत बसला तो उठेचना, तिथंच पुरलं, अशी कथा. म्हणून आवारात जागोजागी बसलेल्या बैलांच्या मूर्ती. त्यांचं डोकं चोळलं की अक्कल येते म्हणतात. परीक्षांच्या हंगामात इथं मुलांची आणि त्यांच्याहून जास्त आयांची गर्दी असते. दहावीच्या आधी गणपतीपुढे पेन ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. काकूंनी बैलाचं डोकं दोनदा चोळलं, एकदा स्वतःसाठी आणि एकदा नातवासाठी.

मिचिझानेबद्दल एक गंमत लक्षात ठेवा, आत उपयोगी पडेल. जपान ६३० सालापासून चीनच्या तांग दरबारात दूत पाठवत असे. ८९४ साली पुढच्या मोहिमेचा प्रमुख म्हणून याचीच नेमणूक झाली. यानं अर्ज केला की चीनमध्ये बेबंदशाही माजली आहे, समुद्रात माणसं मरतात, हे आता थांबवावं. दूत गेले नाहीत, पुन्हा कधीच गेले नाहीत. म्हणजे ज्या माणसानं देवाणघेवाणीचा सरकारी मार्ग बंद केला, त्याच्याच देवळाच्या जमिनीवर देवाणघेवाणीचं संग्रहालय उभं आहे.

मुख्य मंदिर १५९१ सालचं. त्याची मोठी दुरुस्ती २०२३ मध्ये सुरू झाली आणि तेवढ्या काळासाठी समोर तात्पुरतं मंदिर उभारलं, ज्याच्या छपरावर खरीखुरी झाडं लावलेली.

देवळाच्या आवारातून उजव्या हाताला पाट्या दिसतील. इथले लोक संग्रहालयाला लाडानं 'क्युहाकु' म्हणतात, रस्ता विचारायचा तर हा शब्द वापरा. लांबलचक सरकता जिना, मग डोंगर पोखरून केलेल्या बोगद्यात सरकता पट्टा, भिंतींवर रंग बदलत जाणारे दिवे. मुलांना हा भाग संग्रहालयाहून जास्त आवडतो. बोगदा संपला की झाडीतून एकदम ती इमारत समोर येते: डोंगराच्या उतारासारखं वळलेलं छप्पर, १६० मीटर लांब, आणि काचेच्या भिंतीत समोरच्या टेकडीचं प्रतिबिंब.

तिकीट आणि आत शिरल्यावर

कायमच्या प्रदर्शनाचं तिकीट मोठ्यांना ७०० येन, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ३५०. अठरा वर्षांखालची मुलं फुकट. सत्तर किंवा त्यापुढचे ज्येष्ठही फुकट, फक्त वयाचा पुरावा दाखवावा लागतो, म्हणून आजी-आजोबांचे पासपोर्ट हॉटेलात ठेवून येऊ नका. तिसऱ्या मजल्यावर मोठी तात्पुरती प्रदर्शनं लागतात, त्यांचं तिकीट वेगळं आणि बरंच महाग, पण त्यातच चौथ्या मजल्याचा प्रवेश येतो. दोन्ही बघायचं असेल तर दोन तिकिटं काढू नका.

पाठपिशवी लॉकरमध्ये टाका, शंभर येनचं नाणं जवळ असू द्या. टिपणं काढायची सवय असेल तर पेन्सिल न्या. जपानी संग्रहालयांत प्रदर्शनाजवळ पेन काढला की कोणीतरी नम्रपणे येऊन पेन्सिल पुढे करतं. छायाचित्रांचं प्रत्येक वस्तूनुसार ठरतं, वस्तूशेजारची खूण बघा. दालनात अंधुक उजेड असतो, चष्मा विसरू नका.

आता थेट चौथ्या मजल्यावर जा. तळमजला शेवटी.

चौथा मजला: 'समुद्राच्या वाटा, आशियाचे मार्ग'

या मजल्याचं नाव काहीसं असंच आहे. मधे एक मोठं दालन, भोवती छोट्या दालनांची रांग. बाण नाहीत, ठरलेली वाट नाही. आपल्याला 'इकडून आत, तिकडून बाहेर' अशा दोरीची सवय, त्यामुळे सुरुवातीला हरवल्यासारखं होतं. इलाज सोपा: मधल्या दालनात आधी पाच भाग ओळखा. समुद्रावर जाणारे जोमोन काळातले (भातशेतीच्या आधीचे) लोक, भातशेतीपासून राज्यापर्यंत, तांग दरबारी जाणाऱ्या दूतांचा काळ, आशियाच्या समुद्रातला रोजचा व्यापार, आणि पृथ्वी गोल झाली, पश्चिम जवळ आली. हा पाच थांब्यांचा कणा धरा, आणि जिथं मन रमेल तिथून बाजूच्या खोल्यांत घुसा. सगळ्या खोल्या करायच्याच असा हट्ट धरू नका.

पहिल्या दोन भागांतून मी नवख्यांना जरा पटापट नेतो. भाताच्या लोंबीसोबत गावं, खंदक, मग भांडणं, मग राजे कसे आले, एवढं कळलं की पुरे. फक्त क्युशूच्या रंगवलेल्या थडग्यांपाशी थांबा. आत लाल रंगात त्रिकोण, वर्तुळं, नावा, घोडे. सहाव्या शतकात इथल्या माणसाला मेल्यावरही होडी लागेल असं वाटत होतं.

तिसऱ्या भागात आपल्याला ओळखीची माणसं भेटायला लागतात. ह्युएन त्संग आठवतो? साधारण ६४१च्या सुमारास महाराष्ट्रात येऊन, पुलकेशीचं राज्य बघून, इथल्या लोकांबद्दल 'उपकाराला जागणारे आणि अपमानाचा सूड घेणारे' अशा अर्थाचं लिहून गेलेला तो चिनी यात्रेकरू. तो चीनला परतल्यावर ६५३ साली तांग दरबारी निघालेल्या जहाजातून दोशो नावाचा जपानी भिक्षू आला आणि त्याच्याच हाताखाली शिकला. म्हणजे महाराष्ट्र पाहिलेल्या माणसाचा विद्यार्थी जपानला परत गेला. मधे फक्त एक माणूस.

आणि बोधिसेन. भारतातून चीनमध्ये गेलेला हा भिक्षू परतीच्या दूतांबरोबर ७३६ साली जपानला आला, आणि उतरला तो दाझाइफूच्या हद्दीत. पुढे ७५२ साली नाराच्या महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाच्या सोहळ्यात मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळं रंगवणारा ब्रश त्याच्या हातात होता. दालनातल्या बुद्धमूर्तींकडे बघताना मी पाहुण्यांना हे सांगतो, कारण मग 'बुद्ध आपल्याकडून गेला' या ढोबळ वाक्याला एक माणूस, एक वर्ष आणि एक बंदर मिळतं.

पण माझी खरी आवड चौथ्या भागाकडे, आणि त्यातही एका लाकडी ठोकळ्याकडे. तो मांडलेला असेल तर नशीब समजा.

खोट्या शिक्क्यांची गोष्ट

त्सुशिमा हे कोरिया आणि क्युशूच्या मधलं बेट. सगळा डोंगर, शेतीला जागा नाही. तिथले सरदार सो घराण्याचे, आणि त्यांचं पोट कोरियाच्या व्यापारावर. १५९२ साली जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीनं कोरियावर स्वारी केली, १५९७ला पुन्हा. व्यापार बुडाला. हिदेयोशी मेल्यावर सत्तेवर आलेल्या तोकुगावा इएयासूला सलोखा हवा होता, कोरियालाही हवा होता, पण कोरियाची अट होती की आधी जपाननं राजपत्र पाठवावं. आधी पत्र पाठवणं म्हणजे चूक कबूल करणं. आता आली का पंचाईत?

सो घराण्यानं काय करावं? जपानच्या राज्यकर्त्याच्या नावानं पत्र स्वतःच लिहून पाठवलं. कोरियाचं उत्तर आलं, ते अर्थातच 'तुमचं पत्र मिळालं' अशा थाटाचं. ते तसंच पुढे दिलं तर बिंग फुटणार. म्हणून उत्तरही बदललं. आणि पत्र बदलायचं तर शिक्का हवा, म्हणून कोरियाच्या राजाचा शिक्का लाकडात कोरून घेतला. तो शिक्का सो घराण्याच्या दप्तराबरोबर टिकला, आणि तो या संग्रहालयात आहे.

जवळ जाऊन बघा. खरा राजशिक्का धातूचा किंवा दगडाचा, दिमाखदार. हा साधारण तळहाताएवढा साधा लाकडी ठोकळा. वर धरायला मूठ, खाली उलटी कोरलेली चार अक्षरं. अक्षरांचा अर्थ 'राज्य करावं ते सद्गुणानं'. कन्फ्यूशियसचं वचन आहे ते. बनावट दस्तऐवजावर सद्गुणाचा उपदेश! तलाठी कचेरीत ज्यांनी आयुष्य काढलं आहे त्या माझ्या काकांना त्या काचेपुढून हलवताना नाकी नऊ आले. "कोरीवकाम मात्र साफ आहे हो," एवढंच ते म्हणत होते.

या थापेच्या जोरावर १६०७ साली कोरियाचं शिष्टमंडळ जपानला आलं आणि शांतता परतली. पुढे सो घराणं आणि त्यांचेच कारभारी यानागावा यांच्यात बिनसलं, कारभाऱ्यानं सगळं उघडं पाडलं, आणि १६३५ साली प्रकरण थेट शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, इएमित्सूपुढे गेलं. शिक्षा कोणाला झाली असेल? तक्रार करणाऱ्याला. यानागावाला उत्तरेत हद्दपार केलं आणि सो घराणं जागेवर राहिलं, कारण कोरियाशी बोलणी करू शकणारं दुसरं कोणी नव्हतं. फक्त पुढची पत्रं लिहायला क्योतोचे विद्वान भिक्षू बेटावर आळीपाळीनं नेमले.

देवाणघेवाण म्हटलं की आपल्यापुढे हसरे दूत आणि भेटवस्तूंची तबकं येतात. हा ठोकळा बघितला की कळतं, ती अशी मधल्या बेटावरच्या अडलेल्या माणसांच्या जिवावरही चालायची.

गोवा, चौल आणि पाचवा भाग

इथं मराठी आणि कोकणी माणसानं कान टवकारावेत. पोर्तुगीजांचा जपानचा सगळा कारभार गोव्याहून चाले: गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी. फ्रान्सिस झेवियर १५४९च्या ऑगस्टमध्ये क्युशूच्या कागोशिमाला उतरला तो गोव्याहून निघून, आणि त्याच्याबरोबरचा दुभाषा आंजिरो हा कागोशिमाचाच, पण त्याचा बाप्तिस्मा १५४८ साली गोव्यात झालेला. आज झेवियरचं शव जुन्या गोव्याच्या बॉम जेझूत आहे. म्हणजे दर्शनाच्या रांगेत ज्याला आपण 'गोंयचो सायब' म्हणून बघतो, तो इथल्या काचेआडच्या गोष्टीतलं एक पात्र आहे.

१५८२ साली क्युशूच्या ख्रिस्ती सरदारांनी चार कोवळी मुलं रोमला पाठवली. ती पोपला भेटली, आणि परतताना गोव्यात थांबली. त्यातल्या हारा मार्तिन्योनं १५८७ साली गोव्यात लॅटिनमध्ये भाषण ठोकलं. जपानला न्यायच्या छापखान्यावर ते पुढच्या वर्षी गोव्यातच छापलंसुद्धा. त्याच १५८८ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनं हिदेयोशीला लिहिलेलं रंगीत चर्मपत्र आज जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे, मात्र ते इथं नाही, क्योतोत आहे.

या भागात काळ्या लाखेवर शिंपल्याची नक्षी असलेल्या पेट्या दिसल्या तर थांबा. पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी जपानी कारागिरांनी केलेलं काम, पण शिंपल्यानं सगळा पृष्ठभाग भरून टाकायची ती हौस गुजरातच्या शिंपकामातून आलेली. आणि कापड. भारतीय छापील सुती कापडाला जपानीत 'सारासा' म्हणतात, ते चहा-समारंभातल्या थैल्यांना लावण्याइतकं मोलाचं होतं. रेघांच्या कापडाला 'सांतोमे', ते मद्रासजवळच्या साओ तोमेवरून. आणि 'चाउ-जिमा' हे पातळ रेशमी कापड, सामुराईंच्या हाकामासाठी (घेरदार विजारीसाठी) वापरलं जाणारं, ते आपल्या अलिबागजवळच्या चौलवरून! पुढे क्योतोत विणलेल्या कापडालाही तेच नाव राहिलं. चौलच्या नारळी-पोफळीत उभं राहून हे कोणाला सुचेल का?

नक्षीदार चिनी मातीची भांडी अर्थातच भरपूर आहेत. क्युशूतल्याच आरिता गावचं पोर्सेलीन हिदेयोशीच्या स्वारीत पकडून आणलेल्या कोरियन कुंभारांच्या हातचं, आणि सतराव्या शतकाच्या मध्यापासून डच लोक ते युरोपला नेत. निळ्या-पांढऱ्या ताटल्या आवडणाऱ्यांनी तिथं अर्धा तास घालवावा. मी नाही घालवत.

तळमजला आणि न दिसणारं संग्रहालय

उतरताना तळमजल्यावर 'अजिप्पा' नावाची खोली लागते, फुकट. जपानशी ज्यांचा संबंध आला त्या देशांची खेळणी, वाद्यं, कपडे, मुखवटे हाताळायला ठेवलेले आहेत. मुलं बरोबर असतील तर मोठ्यांपैकी एकानं मुलांसह इथं आणि दुसऱ्यानं वर, मग अदलाबदल. हाकाताच्या उत्सवातला उंच सजवलेला यामाकासा रथही दर्शनी भागात उभा असतो; पंढरपूर-पुरीच्या रथांची सवय असलेल्यांनाही मान वर करावी लागते.

पडद्यामागे काय चालतं ते बघायच्या फेऱ्या काही वेळा असतात, जपानीत. भाषा येत नसली तरी विचारून बघा. वस्तूंची कोठारं इमारतीच्या पोटात, दुहेरी भिंतींच्या आत, क्युशूच्याच, देवदारासारख्या सुगी लाकडानं मढवलेली. भूकंपाचा धक्का बसू नये म्हणून इमारत लवचीक आधारांवर बसवली आहे. जंगलात वसल्यामुळे किड्यांचा उपद्रव; त्यावर विषारी धुरी देत बसण्यापेक्षा सापळे लावून, किडे मोजून, झाडलोट करून ते आधीच रोखायची पद्धत इथं कसोशीनं पाळतात आणि त्यात गावातले लोकही हातभार लावतात. मूर्तींचं सीटी स्कॅन करणारं मोठं यंत्रही आहे. २००९ साली नाराहून अशुराची प्रसिद्ध मूर्ती इथं आली होती (अशुरा म्हणजे आपला असुर, तीन तोंडं, सहा हात, आणि चेहरा मात्र काळजीत पडलेल्या पोरासारखा), तेव्हा सात लाखांवर लोकांनी ती पाहिली आणि या यंत्रानं तिच्या पोटातलंही पाहिलं.

पोटाचं काय

शाकाहाऱ्यांनी फुकुओकात सांभाळून राहावं. रामेन नूडल्सचा रस्सा डुकराच्या हाडांचा, आणि दिसायला निरुपद्रवी सारातही बहुधा माशाचं पाणी असतं. मी पाहुण्यांबरोबर ठेपले देतो. पण देवळाच्या रस्त्यावरची उमेगाए मोची सोडू नका. तांदळाच्या पिठाची चपटी वडी, आत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड पुरण, लोखंडी साच्यात दोन्हीकडून भाजलेली, वर प्लमच्या फुलाचा ठसा. नाव प्लमचं असलं तरी आत प्लम नसतो. दीडशे येनच्या आसपास एक. गरम असतानाच खायची. पापुद्रा कुरकुरीत, आतलं चिकट, आणि पहिल्या घासाला जीभ भाजतेच. महिन्याच्या २५ तारखेला, मिचिझानेच्या दिवशी, हिरवी मिळते, योमोगी नावाच्या पाल्याची. एकाच दुकानातून चार घेण्यापेक्षा चार दुकानांतून एकेक घ्या.

वेळ उरला तर

जुन्या कचेरीच्या जागी आता गवताचं मैदान आणि जोत्याचे दगड आहेत, शेजारी कान्झेओन्जी देऊळ आणि त्याची सातव्या शतकातली घंटा. चालत किंवा गावातल्या छोट्या बसनं जाता येतं.

आणि एक चूक टाळा. अनेकजण चौथ्या मजल्यावर सोन्याचा शिक्का शोधत फिरतात. इसवी सन ५७ मध्ये चीनच्या हान सम्राटानं इथल्या एका छोट्या राजाला दिलेला, १७८४ साली शिका बेटावर शेतात सापडलेला, जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, १०८ ग्रॅमचा, वर वेटोळं घातलेला साप. तो अस्सल शिक्का इथं नाही, फुकुओका शहर संग्रहालयात आहे, मोमोचीच्या किनाऱ्याजवळ. त्सुशिमाचा खोटा लाकडी शिक्का आज बघितलात तर हा खरा सोन्याचा उद्या बघा, जोडी पुरी होईल. फक्त उद्या सोमवार नाही ना ते बघा. तेही सोमवारी बंद असतं.